बल्ब पेटला म्हणजे झालं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्ही लिहून घ्यायला बसलाय म्हणून सांगतो. मी मोहने गावचा, आयटीआय करून वागळे इस्टेटला एका शेडमध्ये लागलेलो, तिथे अ‍ॅम्प्लिफायरचे पॉवर सप्लाय बनायचे आणि तपासणारा मी, टेस्टर, काय सांगू तुम्हाला, कसला टेस्टर.

घरातला करंट कसा, पुढे जातो, मागे येतो, पुढे जातो, मागे येतो, धड एक दिशा नाही, माझ्यासारखाच. डायोड त्याला एकाच बाजूने सोडतो, उलट आला की दार बंद. एकच लावला तर अर्धी लाट फुकट, म्हणून चार लावायचे, ब्रिज म्हणतात त्याला, मग उलटी आलेली लाटही वळून त्याच वाटेने जाते, आणि मधल्या खाचा कपॅसिटर भरतो. हे चार डायोड आमच्या शेडमधल्या शकुंतलाताई सोल्डर करून लावायच्या, डायोडवर दिशा दाखवणारी पट्टी असते, ती कुठल्या बाजूला ते त्यांच्या बोटांनाच ठाऊक. आणि मी काय करायचो? बल्ब लावायचो. पेटला, पास. अहो, बल्बाला अक्कल असते का? चारातला एक मेलेला असला तरी तो पेटतो, जरा मंद, बस. खरं तर स्पीकर लावून घरघर येते का ते ऐकायचं असतं, त्याचा मला कंटाळा.

मग एका विहारातून माल परत आला, वंदना चालू आणि स्पीकर घूं करतोय. उघडलं तर एक डायोड मेलेला. मालक ओरडला, कोणी लावलाय हा, आणि त्या दीडशहाण्या मालकाला स्वतःला डायोडला पट्टी असते हेही माहीत नव्हतं. ताई म्हणाल्या, जोडणी माझी घट्ट आहे, डायोडच आतून गेलेला असणार, तपासताना कळलं असतं ना रे, सांग की ह्यांना. मी म्हणालो, माझ्याकडे बल्ब पेटलेला. एवढंच. खोटं एक अक्षर नाही, बघा किती हुशार माणूस. ताईंना खोके भरायला बसवलं, शेड बंद पडेपर्यंत सोल्डरिंग पुन्हा हातात दिलं नाही.

परवा ठाकुर्लीला त्याच शेडमधल्या एकाच्या मुलीचा साखरपुडा होता, जुने सगळे आलेले. माइक घरघरला तसं कोणीतरी म्हणालं, ताईंनी बनवलाय वाटतं, आणि सगळे हसले. ताईही हसल्या, म्हणाल्या, असेल बाबा, तेव्हाही माझाच हात चुकला असणार. मला म्हणाल्या, तू का उभा, बस की, जिलेबी घे. मी घेतली. खाल्लीसुद्धा.

त्याच हसणाऱ्यांसमोर उभं राहून सांगायचं आहे, ताई, तुमचा हात चुकला नव्हता, मी तपासलंच नव्हतं. एवढं मी त्यांचं देणं लागतो, अजून दिलेलं नाही.