ओढायचा बूट कंपनी काढत न्हाई

खेळायचा बूट म्हने. अवो, खेळायचा बूट हाय तं खेळ संपंस्तोर पायात ऱ्हायला पाहिजे का न्हाई, तुमीच सांगा. माज्या बुटाचा तळवा राहिला हिंगोलीच्या मैदानात मातीत रुतून, वरचा भाग राहिला माज्या पायात, आन् मी राहिले आडवी, घोटा धरून आभाळाकडं बगत... आन् दुकानदार काय म्हनतो, मावशी, बसा, च्या घ्या. च्यानं घोटा बसतो का वो? बसत असता तं बादलीभर पेले असते मी.

थांबा, पयल्यापासून सांगते, न्हाई तं तुमी म्हनसाल ही हट्टा गावची सखुबाई, नातवंडं खेळवायच्या वयात बूट घालून चालली कुठं. चालले न्हवते, ओढत व्हते. बचत गटाच्या बायांचे खेळ ठेवले व्हते, सगळ्या जिल्ह्याचे, हिंगोलीत. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची असलं सगळं, आन् शेवटाला रस्सीखेच. आता लिंबू-चमच्यात मला कोनी घेत न्हाई, पन रस्सीखेच म्हनलं की आमच्या गटाच्या सगळ्या बाया एकदम माज्याकडं बगायल्या. "सखुमाय, तू सगळ्यात मागं ऱ्हाय, दोर कमरंला गुंडाळून." म्हनलं, मीच काहून? तं एकीनं नुसतं मला खालून वर पाह्यलं आन् मान खाली घातली. समजले मी. हळदीची पोती उचलून कमावलेलं अंग हाय, लाजायचं काय त्यात.

पन समोर कोन व्हतं इचारा की. समोर सिद्धेश्वर गावच्या बाया. आन् त्यांच्यातबी सगळ्यात मागं, दोर कमरंला गुंडाळून, कोन? माजी ईन. ईन म्हंजी माज्या करुणाची सासू, रुक्माबाई. आता आली का पंचाईत? हारले तं लेकीच्या सासरी जाऊन कोनत्या तोंडानं जेवावं, आन् जिकले तं लेकीला तिथं रोज ऐकून घ्यावं लागंल. करुणाचा फोन आला, हळूच बोलून राहिली, "आई, तू जिकू नको बाई." आन् लगेच म्हनती, "पन हारूबी नको." म्हनलं, मंग आमी दोघी काय करू, दोरावर कपडे वाळू घालू? तं ती म्हनती, "आई, तुला सांगते, सासूबाई रोज सकाळी म्हशीच्या गळ्यातला दोर धरून मागं मागं ओढून राहिल्यात." म्हनलं, आन् म्हैस? म्हनती, "म्हैस येऊन राहिली."

तवा मला घाम फुटला.

हे ऐकून आमच्या मालकाला चैन पडंना. आमचे मालक म्हंजी असा मानूस, की घरात साखर संपली तं ध्यानात यायचं न्हाई, पन माजी शर्यत मातर डोक्यात बसली. "करुणाची माय, ताकद तुजीबी कमी न्हाई, तुला पकड पाहिजे. चपलीनं घसरशील. तुला खेळायचा बूट घेऊ." म्हनलं, मला? बूट? लोकं काय म्हनतील? तं म्हनले, "लोकं समोरच्या टोकाला असतील, दोर तुज्या हातात ऱ्हाईल." आन् गाडीवर बसवून नेलं वसमतला, दुकानात. दुकानाचं नाव सांगत न्हाई मी, पन दुकानदार विश्वंभर. विश्वंभरभाऊ म्हंजी मानूस कसा सांगू, गुलाबजाम. पाकातून आत्ताच काढल्यावानी. "या मावशी, बसा मावशी, मावशीला पंखा लावा." गुलाबी पट्ट्यावाला एक बूट काढला, हातावर वाकवला, कानाशी वाजवला, म्हनतो, "हा खेळायचा बूट. हा घालून तुमी डोंगर ओढसाल." म्हनलं, डोंगर नको बाबा, ईन ओढायची हाय.

आन् मला तं त्या नाड्या बांधता येईनात. येतील कशा, जन्मात कधी बांधल्या न्हाईत. तं आमचे मालक, भर दुकानात, गिऱ्हाईकं बगून राहिलेत, खाली बसले आन् माजा पाय मांडीवर घेऊन नाडी बांधाया लागले. मला तं मेल्याहून मेल्यावानी झालं. लगीन झाल्यापासून मी यांच्या पाया पडत आले, यांनी माज्या पायाला हात लावला तो हा पयल्यांदा. "अवो, उठा, कोन बगंल." तं वर न बगता म्हनतात, "घट्ट झालं तं सांग." त्या बुटाचा राग करायचं मला जड का जातं, ते हे असं हाय.

मंग आला तो दिवस. मैदान भरलेलं, मंडपात पाव्हने, भोंग्यावर गानं. शिट्टी वाजली आन् आमी ओढलं. माय, काय ओढलं म्हनून सांगू, दोर मधी थरथरायला लागला, ना हिकडं ना तिकडं. समोरून ईनबाई दात खाऊन बगून राहिल्या, मी डोळे मिटून देवाचं नाव घेऊन राहिले, आन् हळूहळू, तुमाला खोटं सांगत न्हाई, दोर आमच्याकडं सरकायला लागला. बाया ओरडायल्या, "सखुमाय, आली, आली, अजून एकडाव." म्हनून मी उजव्या पायाची टाच रोवली, सगळं अंग मागं टाकलं... आन् खालून आवाज आला. टर्रर्र. जुनं धोतर फाडल्यावानी. म्हनलं माजंच काई फाटलं. बगते तं बुटाचा तळवा तिथंच, आन् पाय पुढं. घोटा असा वळला, की मला माजीच टाच दिसली. मी आडवी, माज्यावर आमच्या गटाची अर्धी कमिटी, आन् समोरचे जिकले.

खेळायचा बूट म्हने.

पन एक सांगते, खरं ते खरं. समोरच्या बाया नाचून राहिल्या, हार घालून राहिल्या, आन् माजी ईन हार टाकून पळत आली. पदर सोडून माज्या पायाला गुंडाळला. "ईनबाई, हालू नका. पानी आना कोनी." मला उचलून रिक्षात बसवलं ते तिनंच, एकटीनं. म्हशीवर सराव केलेला व्हता ना. डाक्टर म्हनला, हाड मोडलं न्हाई, पन घोट्याचा सांधा बांधून धरणारी दोरी असती ती तुटली. म्हनलं वा, बाहेरचा दोर सुटला आन् आतला तुटला. पाय बांधला आन् म्हनला, घरी पडून ऱ्हावा, जमिनीवर टेकवायचा न्हाई.

पडून कोन ऱ्हातंय? गाडीवर बसता आल्याबराबर मी मालकाला म्हनले, चला वसमतला. दुकानात गेलो, बूट ठेवला समोर, तळवा हिकडं, बूट तिकडं. विश्वंभरभाऊनं बगितलं आन् त्याच्या डोळ्यात पानी आलं वो, खरंच पानी. "मावशी, लई लागलं का? खुर्ची आना. पायाखाली उशी द्या." स्वताच्या गादीवरची उशी माज्या पायाखाली ठेवली. च्या पाजला, बिस्किट दिलं, गरम पान्यात हळद टाकून शेका म्हनला. हळद, मला सांगतो, हट्ट्याच्या बाईला. म्हनलं भाऊ, ते सगळं खरं, बुटाचं काय? "करतो की मावशी. कंपनीचा मानूस येनार हाय." कवा? "येईलच." पुन्यांदा गेलो, पुन्यांदा उशी, पुन्यांदा च्या. कंपनीचा मानूस? "येऊन गेला मावशी, तुमी जरा उशिरा आलासा." तिसऱ्या डावाला त्यानं माज्यासाठी उपमा करून ठेवला व्हता. आता अशा मानसाशी भांडायचं कसं? तोंडात उपमा असला की शिवी बाहेर येत न्हाई.

शेवटी मीच म्हनलं, मला कंपनीचा फोन लावून दे. लावला. आतून एक बाई गोड आवाजात बोलली, "आपकी शिकायत हमारे लिए बहुत महत्वपूर्ण है." म्हनलं, व्हय बाई, माज्यासाठीबी हाय. तं ती ऐकंनाच, आपलंच बोलून राहिली. साइज़ के लिए एक दबाइए. रंग के लिए दो दबाइए. म्हनलं, पडल्यासाठी काय दाबू? त्याला नंबरच न्हाई. मंग गानं लावलं. त्या गान्यावर मालक दुकानाच्या पायरीवर डुलकी मारून उठले, तवा एक पोरगा बोलला, लई अदबीनं, "मैडम, जूता किस काम में इस्तेमाल हुआ?" म्हनलं, रस्सीखेच. "मैडम, ये दौड़ने का जूता है. खींचने का नहीं." म्हंजी हा पळायचा बूट हाय, ओढायचा न्हाई. म्हनलं, मंग बाबा, ओढायचा दाखव. तं म्हनतो, ओढायचा बूट कंपनी काढत न्हाई. आन् धन्यवाद म्हनून ठेवला.

मी विश्वंभरभाऊकडं बगितलं. तो गरीब आवाजात म्हनतो, "मावशी, मी फोन केला तं मलाबी तेच गानं ऐकवतात."

खेळायचा बूट म्हने. मी नाद सोडला व्हता, सांगते तुमाला. बूट बाजंखाली टाकला, पाय उशीवर ठेवला आन् म्हनलं झालं. तं एक दिवस दारात रिक्षा थांबली, आतून ईनबाई उतरल्या. संगं ताज्या मासळीची पिशवी, आन् तोंड असं आंबट. म्हनलं, या, काहून असं तोंड? बसल्या, पानीबी घेतलं न्हाई, म्हनल्या, "ईनबाई, माजी तं गावात इज्जत गेली." म्हनलं, तुमची? तुमी तं जिकल्या. म्हनल्या, "कुठं जिकले? सगळं गाव म्हनून राहिलं, रुक्माबाई न्हाई जिकली, हट्ट्याच्या बाईचा बूट हारला. घरातली मानसंबी हासून राहिलीत. म्या काय बुटाला हारवाया म्हैस ओढली व्हती का?" आन् डोळ्याला पदर लावला. मी तिचा हात धरला. घोटा माजा तुटला, आन् समजूत मीच काढून राहिले. मंग डोळे पुसले आन् म्हनल्या, "बूट बदलून घ्या. तुमचा पाय बरा झाला की पुन्यांदा ओढू. मला माजी जीत साफ पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आमी दोघी दुकानात. विश्वंभरभाऊनं उशी आनली. ईनबाईनं उशी घेतली, दुकानाच्या दारात टाकली, तिच्यावर बसल्या आन् फाटका बूट मांडीवर घेतला, लेकरावानी. आवाज न्हाई, भांडन न्हाई. गिऱ्हाईक आलं की हासून म्हनायच्या, "या बाबा. बूट चांगला हाय इथला. फकस्त ओढू नका." मानूस बुटाकडं बगायचा, माज्या बांधलेल्या पायाकडं बगायचा, आन् म्हनायचा, येतो जरा बाजार करून. विश्वंभरनं च्या आनला. ईनबाई म्हनल्या, "च्या जिकल्यावर पेईन." उपम्याचं इचारलं. "मला उपमा आवडत न्हाई." तवा मला कळलं, या बाईला आपन ओढून न्यायचं म्हंजी सोपं काम न्हवतं.

दुपार व्हायच्या आत विश्वंभरभाऊ आतून नवा जोड घेऊन आला. वजनदार, खाली जाड रबर, टायरावानी. म्हनला, "कंपनीचं जाऊ द्या मावशी. हा माज्याकडून. म्या स्वता वाकवून बगितलाय. आन् माफी करा, मला तुमच्या पायाची लई तकलीफ वाटली, पन काय करावं सुधरंना, म्हनून च्या पाजत राहिलो." मी म्हनलं, उपमा चांगला करतोस बाबा.

पाय बरा झाला. डाक्टर म्हनला, चाला, फिरा. त्याला रस्सीखेचीचं सांगितलंच न्हाई. सिद्धेश्वरला, ईनबाईच्या शेतात, आमचा गट हिकडं, त्यांचा तिकडं. करुणा मधी उभी, कोनाकडं बगावं तिला समजंना, म्हनून तिनं डोळे मिटले. शिट्टी जावयाच्या तोंडात. आमच्या मालकानं पुन्यांदा खाली बसून नाड्या बांधल्या, या डावाला मी कोनाकडं बगितलं न्हाई. ईनबाई अनवानी. आन् विश्वंभरभाऊ दुकान बंद करून आलेला, बांधावर बसलेला, देवाला नारळ बोलल्यावानी हात जोडून.

शिट्टी वाजली. मी टाच रोवली, अंग मागं टाकलं, कान बुटाकडं. टर्रर्र न्हाई, काई न्हाई. बूट जमिनीला असा धरून राहिला जसा तिथंच उगवलाय. आन् त्या बुटासकट, सरळ उभ्या उभ्या, दोन रेघा पाडत, मला ईनबाईनं ओढत नेलं, पार तिच्या बाजूला नेऊन उभं केलं. कुठं लागलं न्हाई, कुठं मुरगळलं न्हाई. तिनं दोर टाकला, मला मिठी मारली आन् म्हनली, "आता जेवाया चला."

तेवढ्यात विश्वंभरभाऊ बांधावरून पळत आला. वाकून तळवा बगितला, टाच बगितली, शिवन बगितली. कुठं टाका उसवला न्हाई. वर बगून असा खुश, जसा तोच जिकला. म्हनतो, "मावशी, बूट कसा हाय?"

काय सांगावं? म्हनलं, चांगला हाय बाबा. मेला लईच चांगला हाय.