थांबवलेलं सलाईन

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर सिर्पाबाई, आणि एवढा बर्फ तुडवत फिनलंडमधल्या आपल्या कुओपिओ शहराच्या या सभागृहात आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

रुग्णांच्या घरच्यांतर्फे मी उभी आहे. बोलायची सवय नाही, सांभाळून घ्या.

माझ्या नवऱ्याचा, ऑस्मोचा, मूत्रपिंडाचा कर्करोग फुप्फुसांत पोचला होता. प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध सलाईनमधून सुरू झालं आणि गाठी आक्रसू लागल्या. आम्ही हरखलो. त्याच सुमारास ऑस्मो शनिवारचा सॉना, म्हणजे उघड्या अंगाने माझ्यासोबत गरम वाफेत बसणं, टाळू लागला. कधी सर्दी, कधी लाकडं फोडायची राहिलेली. नणंद म्हणाली, "वहिनी, नवरा सॉनात येईना म्हणजे बाहेर कुणीतरी आहे. शोध काढ." तुम्ही हसताय. मीही हसले होते.

मग एकदा मी न्हाणीघराचं दार ढकललं. सदरा पाठीला चिकटला होता आणि ऑस्मो तो पाण्याने भिजवून सोडवत होता. मानेपासून कमरेपर्यंत फोड, काही फुटलेले, खाली लालभडक मांस.

"दार लाव," तो म्हणाला. "आणि दवाखान्यात सांगायचं नाही. सलाईन बंद करतील. कातडी गेली तर जाऊ दे, मी तर राहीन."

मी ऐकलं नाही. सिर्पाबाईंनी पाठ पाहिली, कर्करोगाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या आणि म्हणाल्या, "ऑस्मो, जागी झालेली ताकद तुझ्याच कातडीवर उठली आहे. सलाईन बंद. स्टेरॉइड, मलम, आणि आजच ॲडमिट व्हायचं."

"म्हणजे मारताय मला."

"या उघड्या पाठीतून जंतू शिरले, तर कर्करोगाची वाटही बघावी लागणार नाही."

ज्या औषधावर तो जगत होता तेच काढून घेतलं होतं, आणि त्याला तिथे मीच नेलं होतं. मी काय करायला हवं होतं, सांगा?

फोड सुकले. सलाईन पुन्हा सुरू झालं नाही. वसंतातल्या तपासणीला आम्ही सगळं संपलं असं धरूनच गेलो. गाठी आणखी लहान झाल्या होत्या. औषध नसताना. "असं होतं?" मी विचारलं. "काहींच्या बाबतीत होतं," बाई म्हणाल्या. "पुढचं मला सांगता येणार नाही." त्या धक्क्यातून मी अजून बाहेर आलेली नाही.

ऑस्मो तिसऱ्या रांगेत बसला आहे. गाडीत म्हणाला, "माझ्या वतीने आभार मानू नकोस हं. मला विचारलं नाही बाईनं, सरळ बंद म्हणाली." सिर्पाबाई, तो अजून तुमच्यावर रागावलेला आहे. रागवायला तो आहे, एवढंच मला सांगायचं होतं.

आयोजकांनी संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. काही अधिक-उणं बोलले असेन तर पोटात घाला.