अहंकाराची पकड

आमच्या दत्त्याचं तर ऐका. पैसे घेऊन मोठमोठ्या संघांकडून कबड्डी खेळलेला गडी, चढाईत एक नंबर. गुडघा गेला तसा थेट भजनगायक झाला. बॅनरवर देवापेक्षा ह्याचाच फोटो मोठा! सोनारीला पहिला कार्यक्रम होता, मी मागं टाळ घेऊन बसलेलो. अन् भजन कुठलं? तर अहंकार सोडा!

आता गायकानं ओळ म्हणायची, मग ती आमी टाळकऱ्यांनी म्हणायची. पण हा उभा राहून कबड्डीचा दम धरल्यागत एकच ओळ घोळवतोय, सोडतच न्हाय.

पखवाजवाले निवृत्तीमामा म्हणाले, "आरं, आमालाबी गाऊ दे की!"

ऐकतोय कोण? शेवटी मामांनी पुढं सरकून त्याचा घोटा धरला.

झालं! गेलेला गुडघा विसरून दत्त्यानं हिसका दिला, मामांना फरपटत नेलं, अन् मधली रेघ असल्यागत स्टेजच्या कडेला झेप मारून हात टेकला. वर बोट दाखवून पॉइंट मागितला!

लोक हसून बेजार. मामा धोतर सावरत उठले अन् माइकवर म्हणाले, "पॉइंट तुझा, बाबा. पण अहंकार काय आऊट झाला न्हाय."