आता यायची गरज नाही

दाढ ठणकत होती, तरी पौडच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या कुशाबाचे कान पडद्याकडेच लागले होते. आत डॉक्टर रंभाबाईला तपासत होते. हिरड्याच्या झाडावरून पडून तिच्या डोक्याला मार बसला होता.

“आता चक्कर येते?”

“न्हाई.”

“उलटी?”

“न्हाई.”

“मग लागा कामाला. झाडावर मात्र चढू नका. पाण्याचा हंडा सुनेला आणू द्या.”

“सून पुन्याला ऱ्हाती. घरात मी येकलीच.”

“बरं, मग जपून आणा. आता परत यायची गरज नाही.”

“सुक्रवारी बी न्हाई?”

“नाही.”

“दर येळंला इचारत व्हता, नाव काय, गाव कंचं, सकाळी काय खाल्लं. आज न्हाई इचारलं?”

“अहो, डोकं ठिकाणावर आहे का, ते बघायला विचारत होतो.”

“ठावं हाय की. तरी येकदा इचारा.”