फळीवरचं गाऱ्हाणं

नुसतं चालायचंय, असं काय म्हणता? चाला की मग तुम्ही! घ्या हा कोट, घ्या ही पाटलोण, आणि चढा त्या फळीवर! ... नाही ना चढत? मग ऐका. मी घाबरलोय असं समजू नका. कोटाचं बटण लागत नाही ते गेल्या वर्षापासून लागत नाही, म्हणजे ह्याच शाळेच्या अंगणात, ह्याच फळीवर पहिल्यांदा चढलो तेव्हापासून.

तुम्हाला सांगतो, सगळं केलं त्या शिवणवर्गाच्या बाईंच्या मासिकानं. बाई मूळच्या लांज्याच्या, गावातल्या बायकांना शिवण शिकवायला सरकारनं धाडलेल्या. त्यांच्या मासिकात पॅरिसचा फोटो. उंच अरुंद फळी, दोन्ही अंगाला खुर्च्या टाकून साहेबलोक, आणि मधून एक बाई चाललेय, अशी रोड की घरी कुणी जेवायला घालत नसावं. येते, वळते, जाते. झालं! एवढ्यासाठी म्हणे लोक आगबोटीनं तिकडे जातात! आमच्या बाई म्हणाल्या, "आपणही असाच पेहरावाचा उत्सव करू. जिचं शिवण पहिलं येईल, तिला शिवणयंत्र."

झालं, आमची सून सगुणा पेटली. बाकीच्यांनी झबली शिवली, टोपडी शिवली, आणि हिनं? कोट-पाटलोण! नवऱ्याच्या मापाची. आणि नवरा, म्हणजे माझा लवू, मुंबईला गिरणीत. रजा मिळाली नाही. मग सगुणा माझ्याकडे बघायला लागली... बाजारात बकरा बघतात ना, तसं. "मामंजी, तुमची न् ह्यांची उंची एकच."

"अगं, उंची एक असली म्हणून मी काय खुंटी आहे, कोट अडकवायला?"

"मामंजी, यंत्र मिळालं तर घरात काम येईल. ह्यांना मुंबईला राहावं लागायचं नाही."

पोरगा चार वर्षांत दोनदा घरी आलेला. चढवली पाटलोण.

पण फळी! आयशीचा घो त्या फळीचा! अठराव्या वर्षी मीसुद्धा मुंबईला निघालो होतो. बोट लांब समुद्रात उभी, पडावाच्या होडीत बसून तिथवर जायचं, आणि पडावात चढायला धक्क्यावरून एक फळी. मध्यावर गेलो, खाली पाणी बघितलं आणि... ट्रंकेसकट आत! तेव्हापासून मुंबई बंद. व्हाळावर दोन ओंडके टाकलेला साकव आहे, त्यावरूनही मी जात नाही, पाण्यात उतरून जातो. मी भितो असं नाही. माझे गुडघे भितात, मी आपला त्यांच्याबरोबर असतो.

आणि शाळेत फळ्या आल्या कुणाच्या? सुलेमान तांडेलाच्या गलबतावरच्या! जांभ्याचे चिरे छातीएवढे रचले आणि वर त्या फळ्या. हा सुलेमान बोटीवर खलाशी होता, दुनिया फिरलाय. मला म्हणतो, "धाक्या, पॅरिसात मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. एवढ्या उंच टाचा, पण एक बाई पडेल तर शपथ! तुला काय धाड भरलीय?"

"त्या पडल्या तर उचलायला साहेब असतात. मला कोण उचलणार? तू?"

"मी नाय बा. माझी कंबर धरलीय."

पॅरिसात म्हणे कुणी शिंकतसुद्धा नाही. इथे मी फळीवर पाय ठेवतोय तोच, "धाकूआबा, बटणं लावलीत काय?" "आबा, म्हशीला कोण बघतंय?" पॅरिसात बाई येते, वळते, जाते. मी आलो. मध्यावर आलो. फळी लवली... करकरली... मी खाली बघितलं. सुकी जमीन होती हो, पण देवाशपथ सांगतो, मला पाणी दिसलं! पाय हलेना. पुढे नाही, मागे नाही. घाम पाठीवरून पाटलोणीत. खालून सगुणा, "मामंजी, वळा! नुसते वळा हो!" तिचा आवाज रडवेला. कोटभर टाके घातले होते पोरीनं, आणि कोट फळीवर खांबासारखा उभा!

तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले, डोळे मिटले आणि भैरीच्या देवळात गाऱ्हाणं घालताना तोंडातून पडतं तेच पडलं... "बा भैरी म्हाराजा!"

आणि आपली माणसं तुम्हाला ठाऊक आहेत. गाऱ्हाणं कानावर पडलं की हातातलं सोडून उभी राहतात. शंभर तोंडं एकदम, "व्हय म्हाराजा!"

"तुझं लेकरू फळीवर अडकलंय म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" एक पाऊल सुटलं. "फळी मोडू देऊ नकोस, पाटलोण सुटू देऊ नकोस म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" दोन पावलं. "पोरीनं डोळे फोडून शिवलंय, तिला यंत्र मिळू दे, माझा लवू घरी येऊ दे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आणि ह्यात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? बाईंचा! लांज्याच्या, म्हणजे कोकणातल्याच पडल्या ना, गेलं तोंडातून. सुलेमानसुद्धा ओरडला. मागाहून म्हणतो, "फळी माझी होती रे!" आता देवापुढे हो म्हटल्यावर बाई यंत्र दुसरीला देतील? काय बिशाद!

यंत्र आलं. शिमग्याला लवू आला तो राहिलाच, आता बायकोला काजं करून देतो. मग तुमची तक्रार काय, म्हणाल.

तक्रार शेवटच्या पावलाची. फळीचं टोक आणि उतरायची पायरी ह्यांत हातभर अंतर. तिथे माझी बोबडी वळली आणि मी बोलून गेलो, "एवढं सुखरूप उतरव म्हाराजा, दर साल हाच कोट घालून ह्याच फळीवर तुझी चाकरी करीन!" मी! माझ्याच तोंडानं! आणि गाव काय गप्प बसतंय? "व्हय म्हाराजा!"

पॅरिसात म्हणे दर साल नवी बाई, नवे कपडे. इथे तोच कोट, तीच फळी आणि तोच मी, एका वर्षानं म्हातारा. देवळात जाऊन कौल लावला, म्हटलं, सोडव यातून. देव नाही म्हणाला.

"मामंजी, चला, तुमची पाळी!"

आलो गं, आलो... एवढे उपकार करा, मंडळी. आज मी भीतीनं वर काहीबाही बोललो, तर आधी नीट ऐका, विचार करा, आणि मगच तोंड उघडा. कराल ना एवढं?

"व्हय म्हाराजा!"

... मेलो.