बीबीच्या ड्युटीवरची साडी

बुलढाण्यात एक्स-रेच्या रांगेत माझ्यापुढे पायाला प्लास्टर घातलेला एक माणूस बसला होता. शेजारी डबा आणि एक पिशवी घेऊन आलेल्या बाई.

"जीवनभाऊ, कंपनी भरपाई काऊन नाई देत? गाडीवरून पडले ते ड्युटीवरच ना?"

"ड्युटी बीबी गावाले होती ताई, हरभऱ्याचं बियाणं पोचवाची. पडलो साखरखेर्ड्याच्या रस्त्यावर. मी लिहून देलं, घरच्या कामानं गेलतो."

"खोटं काऊन लिहिलं? माह्या दादानंच, तुमच्या साहेबानंच, धाडलं तुमाले साखरखेर्ड्याले माह्या घरी, भाऊबीजेची साडी घेऊन."

"साहेबाची नोकरी जाईन, ताई."

"काल फोनवर म्हटलं त्याले, जीवनभाऊले तूच धाडलं, हे कंपनीले सांग."

"मंग?"

"फोनच कापला त्यानं. आता येऊन राह्यला तुमाले पाहाले."

"अन् ह्या पिशवीत काय हाये?"

"तीच साडी. आजबी कंपनीले सांगाले तयार नाई झाला, तर त्याची ओवाळणी त्याच्याच हातात वापस ठेवीन."