सहीआधीची दहा मिनिटं

नाही, पेन तसंच राहू दे, अमोल — आधी सांग. "किरकोळ आहे हो बाई, चार दिवसांत चालायला लागाल" — हे नको. गृहपाठ झालेला नसला की आठवीतही तू असाच गोड बोलायचास. या फिल्मवर बोट ठेव. मणक्यांमधली चकती कुठे सरकली आहे? हं. ती कुठल्या नसेला दाबते? म्हणून माझा डावा पाय बधिर होतो — बरोबर. आता ऑपरेशनात काय बिघडू शकतं? नसेला इजा — पायातली शक्ती जाणं — लघवीवरचा ताबा — बोल ना, लाजतोस कशाला? आणि ऑपरेशन नाहीच केलं तर? व्यायाम, गोळ्या, विश्रांती — हाही मार्ग आहे तर! वा. घड्याळ बघ. दहा मिनिटं लागली, आणि एकही शब्द मला अवघड गेला नाही.

म्हणजे तुला येतं. नाशकात दुसरे डॉक्टर नाहीत असं नाही. मुद्दाम तुझ्याकडे आले, एवढंच पाहायला. आठ वर्षं स्वतःची समजूत घालत होते — पोराला समजावता येत नसेल बिचाऱ्याला! पंच्याण्णव साली, ह्यांच्या पाठीच्या ऑपरेशनाच्या वेळी, याच खोलीत तू दोन मिनिटं काहीतरी इंग्रजीत बोललास आणि विचारलंस, "समजलं ना?" ह्यांनी मान हलवली. नोटांच्या छापखान्यात उभा जन्म गेला त्यांचा. शाईच्या एका ठिपक्यासाठी अख्खा ताव बाजूला काढणारा माणूस — त्याने न वाचता सही केली! आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडल्यावर तू काय म्हणालास? "बाई, फॉर्मवर सगळं लिहिलेलं होतं."

चौतीस वर्षं शिकवलं, पण हललेल्या मानेवर विसंबून धडा कधी पुढे नेला नाही. 'तुझ्या शब्दांत सांग' — तुलाही किती वेळा उभं केलं असेल! मग त्या दिवशी मी — पाणी नको मला. त्या दिवशी ह्यांनी विचारलं होतं — तुला नव्हे, मला. "मोहिनी, दुसरा काही उपाय नसेल का? विचारू का त्याला?" आणि मी म्हटलं, "माझा विद्यार्थी आहे तो. त्याचा वेळ घेऊ नका, करा सही." पेनही माझंच होतं.

असा बघू नकोस. मी माझी चूक सांगितली म्हणून तुझी माफ झाली नाही.

हा संमतीचा कागद मी घरी नेते. ह्यांच्या पलंगाशी बसून आज तू सांगितलेलं सगळं माझ्या शब्दांत सांगीन — ऑपरेशनावाचूनचा मार्गसुद्धा. मग ह्यांनी विचारलं, "हे मला का नाही सांगितलं?" तर उत्तर द्यायला तू आमच्या घरी, नाशिक रोडला यायचंस. खुर्ची मिळणार नाही. त्यांच्या उशाशी उभं राहायचं आणि मराठीत बोलायचं. ते 'कर' म्हणाले तर मी सही करीन. 'नको' म्हणाले तर हा पाय ओढत जगेन, पण तुझ्या सुरीखाली येणार नाही.

काठी दे इकडे. नको, हात नको धरूस. बाहेरच्या पेशंटला आत बोलाव — आणि दहा मिनिटं लागतात हे लक्षात ठेव.